येतो म्हणून गेलेली माणसं

दिलेला शब्द पाळावा, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. दुमत असतं ते फक्त शब्द दिला होता का, कुणी दिला होता, आणि तो शब्द होता की नुसतं बोलणं होतं, एवढ्यापुरतंच. म्हणजे जवळजवळ सगळ्याबद्दल.

आपल्या भाषेत सगळ्यात जास्त वेळा दिला जाणारा आणि सगळ्यात कमी वेळा पाळला जाणारा शब्द म्हणजे 'येतो'. माणूस निघाला की 'येतो' म्हणतो. परत येण्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. वायरमन 'येतो' म्हणतो आणि गायब होतो. पाहुणे 'येतो' म्हणतात, आणि गेले एकदाचे म्हणून यजमान दार लावून घेतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी कुणावर फसवणुकीचा दावा लावत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊजींना हे ठाऊक नव्हतं.

भाऊजींनी पंचेचाळिशी ओलांडली होती. त्यांची समज जन्मापासून सावकाश चालायची. डॉक्टरांनी लहानपणी तिला एक लांबलचक नाव दिलं होतं. ते नाव दर काही वर्षांनी बदलून अधिकाधिक सभ्य होत गेलं, भाऊजी होते तसेच राहिले. स्वतःचं स्वतः आवरायचे. अर्धी दाढी उत्तम करायचे, उरलेली अर्धी वहिनी करून द्यायच्या. आणि कुणी काही बोललं की ते तसंच्या तसं ऐकायचे. 'माझं डोकं खाऊ नका' म्हटलं की 'नाही खात' असं अगदी मनापासून आश्वासन द्यायचे. तेव्हा कुणी 'येतो' म्हणून गेलं की भाऊजी दाराजवळची खुर्ची फडक्याने पुसून ठेवत. त्या खुर्चीवर घरातल्या कुणी बसायचं नाही. बसलं तर भाऊजी समोर उभे राहत आणि तो उठेपर्यंत उभेच राहत.

'भाऊजी' हे काही त्यांचं नाव नव्हे. वहिनी लग्न होऊन या घरात आल्या आणि रिवाजाप्रमाणे धाकट्या दिराला भाऊजी म्हणू लागल्या. पुढे वर्षानुवर्षं त्या गॅलरीतून 'भाऊजी, चप्पल!', 'भाऊजी, बटण!' असं ओरडत राहिल्या आणि गल्लीने ते नाव उचललं. चौथ्या मजल्यावरचे ऐंशी पार केलेले आजोबासुद्धा त्यांना भाऊजीच म्हणत. त्या हिशेबाने आजोबा वहिनींचे कोण लागतात, याचा विचार कुणी केला नव्हता, आणि ते बरंच होतं.

वहिनी रक्ताच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येतात, म्हणून हे काम भल्या सकाळी सुरू होतं. 'मूठ घट्ट धरा, झालं, झालं, दुखलं नाही ना?' हे त्या इतक्या वेळा म्हणत, की घरी भाजी चिरतानाही कधी कधी तोंडातून निघून जाई. कितीही बारीक शीर असो, वहिनींना एका झटक्यात सापडायची. मात्र दिवसभर लोकांचं रक्त काढणाऱ्या या बाईला कुणाकडे वाटीभर साखर मागायची म्हटलं तरी शब्द सापडायचा नाही. सासूबाई होत्या तोवर काही मागायची वेळच आली नाही. भाऊजींची सकाळ त्या सांभाळायच्या. सासूबाई गेल्या, आणि सकाळ उघडी पडली.

वहिनींचे यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीने काम करत. ते कमी बोलायचे. पंपाच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, आणि पुढे सवय जडते. त्यांच्या 'हं'चे चार-पाच प्रकार होते, आणि वहिनींना ते सगळे कळत.

वर्षभर दोघांनी पाळ्या बदलून, रजा खाऊन, एकमेकांना जिन्यातच गाठून सकाळ कशीबशी रेटली. मग वहिनींची पाठ धरली. मग समाजकल्याण खात्याकडे अर्ज गेला. आणि मग एका दुपारी खात्याच्या समन्वयक बाई तीन मजले चढून वर आल्या आणि दाराशी कठडा धरून उभ्या राहिल्या.

"लिफ्ट बंद आहे," वहिनी ओशाळून म्हणाल्या. "लिफ्टवाला पार्ट घेऊन येतो म्हणून गेलाय."

"कधी?"

"झाले की बरेच महिने."

"येणार आहे," आतून भाऊजी म्हणाले.

बाई तरुण होत्या, प्रामाणिक होत्या, आणि त्यांना नुकतंच प्रशिक्षण मिळालं होतं. त्यामुळे दर तिसऱ्या वाक्यात 'व्यक्तिकेंद्री' हा शब्द यायचा. पण एक गोष्ट त्यांनी अशी केली की वहिनी चमकल्या. बाई भाऊजींच्या समोर बसल्या आणि त्यांच्याकडे बघून विचारलं, "तुम्ही दिवसभर काय करता?"

"तसं काही नाही, सकाळी उठतात—" वहिनींनी सुरुवात केली.

"मी त्यांना विचारलं," बाई गोड हसून म्हणाल्या.

वहिनींना राग आला. भाऊजींचं उत्तर आपण देत आलो ते काही हौसेने का? पण भाऊजी सरसावून बसले होते.

"फिरतो," ते म्हणाले. "सलूनमध्ये. लाँड्रीत. औषधांच्या दुकानात. आजोबांकडे. मग जेवतो."

बाईंनी मान डोलावली आणि वहिनींकडे वळून खात्याची अडचण सांगितली. खात्याकडे दोन वाटा होत्या. एक, गावाबाहेरची निवासी संस्था. दुसरी नवी योजना: माणसाने आपल्या घरीच राहायचं, आणि रोज सकाळी खात्याचा मदतनीस यायचा.

"मग दुसरी द्या ना," वहिनी म्हणाल्या.

"देता येते. पण त्यासाठी घरच्यांव्यतिरिक्त चार-पाच माणसं लागतात. पगार न घेता यांच्या आयुष्यात असलेली. मदतनीस काही दिवसभर नसतो ना, आणि तुम्ही काही कायमच्या नाही. त्या माणसांना आम्ही आधारवर्तुळ म्हणतो. ती एकदा माझ्यासमोर एकत्र बसली पाहिजेत. यांना ओळखणारी माणसं आहेत ना?"

"सगळेच ओळखतात."

"नावाने?"

वहिनी खरं बोलणाऱ्या होत्या. "नावाने कुणीच नाही," त्या म्हणाल्या.

बाईंचा चेहरा पडला.

"आणि बैठकीला कुणी आलंच नाही तर?" वहिनींनी विचारलं.

"मग वर्तुळ होत नाही." बाईंचा आवाज खाली आला. "मग खातं म्हणतं की संस्थेत निदान सोबत तरी असते."

संस्था वहिनी बघून आल्या होत्या. वाईट नव्हती. स्वच्छ होती, झाडं होती, हवा होती. माहितीपत्रकात बाकांचे सुंदर फोटो होते. बाकांवर कुणी बसलेलं नव्हतं. भाऊजींनाही बरोबर नेलं होतं. तिथे सगळ्यांनी त्यांची अगदी प्रेमाने विचारपूस केली, आणि ते सबंध वेळ पायांतली चप्पल न काढता दाराशी उभे राहिले.

"येते हं मी," निघताना समन्वयक बाई म्हणाल्या.

"कधी?" भाऊजींनी विचारलं.

हा प्रश्न भाऊजी सगळ्यांनाच विचारत. लोक हसत आणि पायऱ्या उतरू लागत. बाईंचा एक पाय पायरीवर होता. तो त्यांनी परत वर घेतला.

"गुरुवारी. संध्याकाळी पाच वाजता. बैठकीला."

भाऊजींनी मान हलवली, दार लावलं आणि खुर्ची पुसायला घेतली. "ही बाई खरी आहे," ते वहिनींना म्हणाले.

आता प्रश्न एवढाच होता, की वहिनींनी गल्लीत जाऊन माणसं बोलवायची.

पहिल्या दिवशी त्या सलूनमध्ये शिरल्या. बाईमाणूस आत आल्यावर कात्री थांबली, रेडिओ थांबला, आरशातली सगळी तोंडं वहिनींकडे बघायला लागली.

"काय वहिनी? भाऊजींचं काही राहिलं का?" सलूनवाला म्हणाला.

"नाही, ते गुरुवारी... तुम्ही गुरुवारी बंद असता ना?"

"सोमवारी."

"बरं, बरं," वहिनी म्हणाल्या आणि सलूनवाल्याची साप्ताहिक सुट्टी कुठल्या दिवशी असते ही बहुमोल माहिती घेऊन घरी आल्या.

लाँड्रीत त्या धीर करून गेल्या आणि इस्त्रीची चादर परत इस्त्रीला देऊन आल्या. औषधांच्या दुकानात शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात मागे गिऱ्हाईक आलं, म्हणून त्यांनी चिकटपट्ट्या घेतल्या. घरात चिकटपट्ट्या आधीच इतक्या होत्या, की सगळ्या गल्लीची ढोपरं एकदम फुटली असती तरी चाललं असतं. सांगायचं काय हाच तर पेच होता. 'आमच्या दिरांना तुमचा आधार आहे असं जरा येऊन सांगता का' हे वाक्य उभ्याउभ्या दुकानात कसं बोलायचं? आणि समोरचा 'बघतो' म्हणाला म्हणजे? 'बघतो' म्हणजे काय ते वहिनींना कळत होतं. त्या भाऊजी नव्हत्या.

चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. आजोबांना कमी ऐकू येई.

"कसलं वर्तुळ? वर्गणी काढताय का?"

"नाही हो आजोबा, नुसतं बसायचं."

"वर्गणी काढणार असाल तर मी झोपलोय म्हणून सांगा."

बुधवारी जेवताना यजमानांनी विचारलं, "सांगितलंस सगळ्यांना?"

"सांगितलं."

"काय?"

"तसं काही नाही."

"हं," यजमान म्हणाले. हा चौथ्या प्रकारचा हं होता. त्याचा अर्थ, संस्थेत बाकांना सावली आहे का ते एकदा बघून यायला हवं.

"उद्या कोण येणार?" भाऊजींनी विचारलं.

वहिनींची पाठ दुखत होती, आणि खरं उत्तर 'कुणी नाही' हे होतं. त्या वैतागून म्हणाल्या, "जे जे येतो म्हणालेत ते सगळे येतील! तुम्ही जेवा आता."

माणूस बोलतो तसं त्या बोलल्या. भाऊजी जेवायचे थांबले. मग पुन्हा जेवू लागले, पण जरा घाईने.

गुरुवारी प्रयोगशाळेत कुठल्याशा कारखान्याचे सगळे कामगार तपासणीला आले होते. वहिनी घरी पोचल्या तेव्हा चार वाजून गेले होते. दार सताड उघडं होतं. आत यजमान दोन्ही हातांत एकेक उसनी खुर्ची धरून खोलीच्या मधोमध उभे होते आणि दोहोंपैकी एकीवरही बसायचं त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

"खाली खुर्च्या आणायला गेलो," ते म्हणाले. "आलो तर भाऊ नाही."

त्यांचं एवढं लांब बोलणं वहिनींनी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. त्या जिना उतरू लागल्या. खात्याच्या कागदावर 'घर सोडून निघून जातात' ही एकच ओळ पुरेशी होती. संस्थेचं दार त्या एका ओळीने उघडत होतं. आणि ते आजच घडायचं होतं!

सलूनमध्ये सलूनवाला नव्हता. एका गालाला साबण लावलेलं एक गिऱ्हाईक मात्र होतं.

"भाऊजी येऊन गेले का हो?"

"गेले की," गिऱ्हाईक साबण लागलेली बाजू सांभाळत म्हणालं. "याला म्हणाले, 'तुम्ही येतो म्हणालात. आज या.' हा म्हणाला, अहो, मी कधी म्हणालो? तर भाऊजी म्हणाले, 'आईला बघायला आलात तेव्हा.' मग याने वस्तरा खाली ठेवला. आता शर्ट बदलायला घरी गेलाय. माझं काय करणार ते तुम्हीच विचारा."

लाँड्रीचं शटर अर्धं खाली आलं होतं. लाँड्रीवाला त्याच्याखालून वाकून बाहेर येत होता.

"येतोय वहिनी, येतोय! काय घाई तुम्हा लोकांना. तुमचे पडदे द्यायला आलो होतो बघा मागे कधीतरी, निघताना म्हणालो असेन 'येतो'. माणूस म्हणतोच ना! भाऊजी म्हणतात आज ये. मी म्हटलं, दुकान कोण बघणार? तर म्हणाले, 'बंद कर.'" लाँड्रीवाला सरळ उभा राहिला. "बरोबर आहे. मला सुचलंच नव्हतं."

"अहो, पण ते आहेत कुठे?"

"मोठ्या रस्त्याकडे गेले."

मोठा रस्ता भाऊजींनी कधी एकट्याने ओलांडला नव्हता. वहिनी त्यांचं मनगट धरून ओलांडायच्या, आणि पलीकडे पोचल्यावरही बराच वेळ सोडायच्या नाहीत. वहिनी पाठीला हात लावून धावल्या.

भाऊजी सिग्नलपाशी होते. पलीकडच्या बाजूला. दिवा लाल होता आणि रस्ता दोन्हीकडून मोकळा होता. शहाणीसुरती माणसं दिव्याकडे न बघता खुशाल रस्ता ओलांडत होती. भाऊजी फुटपाथच्या कडेला दोन्ही पाय जुळवून उभे होते, आणि त्यांच्या शेजारी, हातात अवजारांची पेटी घेऊन, नाइलाजाने पाय जुळवून उभा होता तो लिफ्टवाला.

दिवा हिरवा झाला. ते दोघे आले. वहिनींचा हात आपोआप भाऊजींच्या मनगटाकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि त्यांनी खांद्यावरची पर्स नीट केली.

"हे तुमचे दीर का हो बाई?" लिफ्टवाला म्हणाला. "आमच्या ऑफिसात येऊन बसले. साहेबांना म्हणाले, 'हा येतो म्हणाला होता.' साहेब म्हणाले, मग जा ना बाबा! पार्ट केव्हाचा आलाय, कुणी बोलवायलाच आलं नाही."

"दार उघडं राहिलं," भाऊजी काळजीने म्हणाले. "घरी कोण आहे?"

"भाऊ आहे तुमचा," वहिनी म्हणाल्या. त्यांना आणखी पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनी ते सगळं गिळलं.

समन्वयक बाई पाच वाजता वर आल्या, दाराशी कठडा धरून धापा टाकत उभ्या राहिल्या आणि आत बघून म्हणाल्या, "आज तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का? मी नंतर येऊ?"

खोली भरली होती. सलूनवाला नवा शर्ट घालून बसला होता, आणि त्याच्या मागोमाग त्याचं ते एका गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईकही आलं होतं, कारण ते तरी दुसरीकडे कुठे जाणार? लाँड्रीवाला होता. औषधवाला होता. खालच्या मजल्यावरची माणसं आपल्याच उसन्या दिलेल्या खुर्च्यांवर बसली होती. आजोबा आले होते, पण सावधपणे दारापाशी. कोपऱ्यात विमा विकणारा एक गृहस्थ होता. गेल्या कित्येक वर्षांत त्याला या इमारतीत कुणी दार उघडलं नव्हतं, आणि आज चक्क बोलावून आणलं होतं, त्यामुळे तो भारावला होता.

"ही सगळी...?" बाई म्हणाल्या.

"येतो म्हणाली होती," भाऊजी म्हणाले.

बाईंनी प्रस्तावना केली. तीत 'व्यक्तिकेंद्री' तीनदा आलं. मग त्यांनी विचारलं, "तुमचा यांच्याशी संबंध काय, ते कुणी सांगेल का?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी सलूनवाल्याने घसा खाकरला.

"मॅडम, खरं सांगू का? यांचा त्रास आहे."

वहिनींनी डोळे मिटले.

"रोज येतात. केस कापायचे नसतात. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतात आणि पेपर उलटा धरतात."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? सरळ करून देतो."

"माझ्याकडे तर कहर आहे," औषधवाला म्हणाला. त्याला बहुधा वाट मिळाली होती. "काउंटरपाशी उभे राहतात आणि येईल त्याला विचारतात, 'काय झालंय तुम्हाला?' मूळव्याधीची गिऱ्हाइकं आता मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात जातात, मॅडम! सर्दी-खोकलावाले मात्र थांबून सगळं सांगत बसतात. गर्दी होते."

"मी घातलेल्या घड्या हे मोडतात आणि पुन्हा घालतात," लाँड्रीवाला म्हणाला.

"चांगल्या घालतात?"

"तो प्रश्न नाहीये ना मॅडम!"

"आणि माझं?" आजोबा दारातून गरजले. त्यांना एवढं मात्र ऐकू आलं होतं. "रोज सकाळी हा माझं दार वाजवतो आणि विचारतो, 'आहात का?' माझ्या वयाच्या माणसाला हे काय विचारणं झालं? एकदा न्हाणीघरात होतो, उत्तर दिलं नाही, तर याने सगळी इमारत गोळा केली. मी टॉवेलवर बाहेर आलो! सगळ्या बायका होत्या!"

"होत्या," खालच्या मजल्यावरून आलेल्या काकू म्हणाल्या.

आजोबा जरा थांबले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मुलगी रविवारी फोन करते. 'कसे आहात' विचारते. आहात का, हे हा एकटाच विचारतो. याला तिकडे गावाबाहेर पाठवलंत, तर सोमवारी मी आहे की नाही ते मला तरी कोण सांगणार?"

लिफ्टच्या खड्ड्यातून हातोडीचा आवाज येत होता.

समन्वयक बाई भाऊजींकडे वळल्या. "आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय हवंय?"

वहिनींनी तोंड उघडलं. मग मिटलं. एवढ्या वर्षांत आपण भाऊजींना 'अजून भात हवा का' यापलीकडे हा प्रश्न विचारलाच नाही, असं त्यांच्या मनात आलं. आणि मग भीती वाटली, की हे आता काय मागतील? आई मागितली तर?

"किल्ली," भाऊजी म्हणाले.

"कसली?"

"घराची. सगळ्यांकडे आहे. मी बाहेर गेलो, दार लावता आलं नाही. उघडं राहिलं."

"मागे एकदा दिली होती हो त्यांना," वहिनींना राहवलं नाही. "ती यांनी शेजाऱ्यांच्या पत्रपेटीत टाकली! कुलूप फोडावं लागलं."

"जपून ठेवा म्हणालात," भाऊजी म्हणाले. "त्यांच्या पेटीला कुलूप होतं."

यावर विचार केला तेव्हा खोलीतल्या कुणालाच त्यात चूक सापडली नाही.

"दोरा बांधून गळ्यात घालू द्या," लाँड्रीवाला म्हणाला. "मी देतो जाड दोरा."

"आणि एक जादाची माझ्याकडे ठेवा, हरवली तर," सलूनवाला म्हणाला.

"तुमच्याकडे कशाला? तुम्ही सोमवारी बंद! माझं दुकान रोज उघडं असतं," औषधवाला म्हणाला.

"किल्लीसाठी हे तुमच्याकडे आणखी खेपा घालू लागले, तर उरलेली गिऱ्हाइकंही जातील," सलूनवाला म्हणाला.

"जादाची माझ्याकडे राहील," आजोबा म्हणाले. "मी कुठे जात नाही. हा रोज येतोच."

"तुम्हाला बेल ऐकू येत नाही आजोबा!"

"माझ्याकडे तिजोरी आहे," विमावाला कोपऱ्यातून म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

भांडण चांगलंच रंगलं. गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण वाळून पडू लागला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मला वाटतं वर्तुळ झालं," त्या म्हणाल्या. "भाऊजी घरीच राहतील. सकाळच्या मदतनिसाची मी शिफारस करते."

"कितीची?" आजोबांनी खिसा चाचपत विचारलं.

वहिनी उठल्या. आता या सगळ्यांचे आभार मानायला हवे होते. पण 'आभारी आहे' हे शब्द माईकसमोर बोलायचे असतात, ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर बसलेल्या लाँड्रीवाल्याला कसे म्हणायचे? इतक्या जणांच्या शिरा अचूक शोधणाऱ्या त्या बाईला स्वतःचा आवाज सापडेना.

"बिस्किटं घ्या ना," त्या म्हणाल्या.

"घेतली, वहिनी," सलूनवाला म्हणाला.

"अजून घ्या."

त्याने वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं आणि अजून घेतली. मग औषधवाल्याने घेतली. मग सगळ्यांनी एकामागून एक घेतली आणि खाल्ली. बशी रिकामी झाली. वहिनी रिकामी बशी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "हं," यजमान मागून म्हणाले. हा प्रकार वहिनींनी आजवर ऐकला नव्हता, पण तोही त्यांना कळला.

तेवढ्यात खाली 'झाली!' अशी आरोळी उठली आणि लिफ्ट वर आली. माणसं निघाली, आणि उंबऱ्यात येऊन अडखळली. भाऊजी फडकं घेऊन दाराशी उभे होते.

"ये—" सलूनवाला म्हणाला आणि त्याने जीभ चावली. "म्हणजे निघतो. उद्या तुम्हीच या दुकानात. पेपर असतो."

"मीही निघतो. येत नाही बरं का," लाँड्रीवाला म्हणाला. "दोरा घेऊन रविवारी सकाळी. रविवारी म्हणजे रविवारी."

"मी वर चाललो," आजोबा म्हणाले. "सकाळी विचार."

"मी येतो हं!" विमावाला मोठ्यांदा म्हणाला, आणि सगळी लिफ्ट त्याच्याकडे रागाने बघायला लागली.

सगळ्यांत शेवटी समन्वयक बाई निघाल्या. "मंजुरीचा कागद पोस्टाने येईल," त्या वहिनींना म्हणाल्या. "मला काही परत यावं लागणार नाही. मदतनीस थेट येतील." मग लिफ्टमध्ये शिरता शिरता, सवयीने, त्या म्हणाल्या, "येते हं!"

"कधी?" भाऊजींनी विचारलं.

लिफ्टचं दार लागलं. खूप दिवसांनी चालू झाल्यामुळे ते फारच चटकन लागलं.

भाऊजींनी खुर्ची पुसून दाराजवळ ठेवली.

"भाऊजी, त्या नाही यायच्या आता," वहिनी हळूच म्हणाल्या. "त्यांचं काम झालं. त्यांनी केलं तेवढं पुष्कळ केलं."

"येते म्हणाली," भाऊजी म्हणाले.

यजमानांनी दुसऱ्याच दिवशी किल्ली करून आणली. रविवारी लाँड्रीवाला खरोखर दोरा घेऊन आला. जादाच्या किल्लीचा वाद मिटला नाही, तेव्हा तिघांनाही एकेक करून दिली. भाऊजी अंघोळीलासुद्धा किल्ली गळ्यात घालून जाऊ लागले. ते आता घरातून निघताना दार लावत, उघडून बघत, परत लावत, आणि मगच आजोबा आहेत का ते बघायला वर जात. मदतनीस यायचा होता. तोवर सलूनवाल्याने उरलेली अर्धी दाढी आपल्याकडे घेतली होती. खुर्चीवर मात्र कुणी बसत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजता, बेल वाजली. दार आतून कडी सरकवूनही उघडता आलं असतं. भाऊजींनी ते किल्लीने उघडलं. बाहेर समन्वयक बाई उभ्या होत्या.

वहिनींच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. एवढी कामं सोडून, कुणी बोलावलेलं नसताना, केवळ एका शब्दाखातर माणूस परत येतो! त्या घाईने चहा टाकायला वळल्या. भाऊजींनी, झालेल्या गोष्टीचं नवल करायचं काहीच कारण नसल्यासारखी, खुर्ची पुढे सरकवली.

बाई बसल्या नाहीत. त्यांची छत्री राहिली होती.